असामी एक

मे महिना, लष्कर, दुपारचे तीन.
दप्तरखान्याच्या भिंतीवर मी बंदूक रोखली,
लाल ठिपक्याची, उष्णता मोजायची.
बाहेरून बावन्न. आतून तेहतीस.
मध्ये दोन हात दगड
कुणाला न सांगता ऊन अडवून बसलेला.

"मग बिल एवढं का येतं?" मोघेबाईंनी विचारलं.
मी वर बोट दाखवलं.
नऊ एसी, दोहोंखाली बादल्या,
थर्माकोलचं खोटं छत,
आणि त्याच्याही वर, अंधारात,
कबुतरांच्या धास्तीनं प्लायवूड ठोकलेले
चौदा झरोके.

शिडीवर चढले. टॉर्चमध्ये एक लोखंडी कप्पी.
दोर कुजलेला,
पण कप्पीची खाच अजून चकचकीत,
रोज वापरलेल्या पळीसारखी.
"हमारे बब्बा खोलते थे,"
खालून शिडी धरलेला हल्के कुशवाह म्हणाला,
"दिया-बत्ती पे खोलो, धूप चढ़े मूँद दो."

त्या रात्री आम्ही चार उघडले,
कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीनं.
किल्ल्याचा खडक मध्यरात्रीपर्यंत
दिवसभराचं ऊन परत करत होता.
पहाटे चारला कुठे हवा फिरली.
रुमालांत बांधलेले कागद जरा कुजबुजले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता: एकतीस.
जादू नाही. दोन अंश.
पाच एसी मात्र दिवसभर गप्प.

अहवालाच्या तक्त्यात रकाने होते:
काच, फटी, दिवे, छताचं अस्तर.
दोर ओढणाऱ्या हाताला रकाना नव्हता.
मोघेबाई आत गेल्या, धूळ झटकत एक वही घेऊन आल्या,
मोडीवरून बोट सरकवत वाचू लागल्या:
"भिस्ती, असामी तीन. मशालजी, असामी दोन.
झडपा उघडणार... असामी एक.
दरमहा रुपये साडेचार."
पुढच्या एका वर्षी त्या ओळीवर नुसती आडवी रेघ.
कारण लिहिलेलं नाही.
त्याच्या खालच्या पानापासून पंख्यांची खरेदी सुरू.

मी शिफारस लिहिली: असामी एक.
भोपाळहून लाल शाईत उत्तर आलं:
मनुष्यबळ हा विषयाबाहेरचा मुद्दा.
मोटर बसवता येईल का, कळवावे.

हल्केला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.
सात वाजलेत. चप्पल काढून
तो शिडीला पाय लावतोय.