पाकीट क्रमांक सतरा

कुताइसी, सकाळचे नऊ.
सिरिंजमध्ये काय आहे मला ठाऊक नाही,
डॉक्टर झुराबनाही नाही; चाचणीचा नियमच तसा.
नुसतं भुलीचं औषध,
की त्यात थेंबभर ते,
हृदयाची धावपळ आवरणारं.

गोचा खाटेवर. द्राक्षमळ्यातली कात्री
तळहातात शिरलीय त्याच्या.
काखेत सुई. मी घड्याळ लावते.
दर दोन मिनिटांनी बर्फाचा खडा, मग टाचणी.
"लागतंय?"
"लागतंय."
"आता?"
"गार नाही लागत. टोचतंय मात्र."
सहाव्या मिनिटाला करंगळी गेली,
दहाव्याला तो आपल्याच हाताकडे
परक्या पाहुण्यासारखा बघू लागला.
"हा कुणाचा ठेवलात इथे?"

मी आकडा लिहिते. दहा.
लवकर की उशीर, ते सगळी पाकिटं फुटल्यावर.

घरी खिडकीत अजून ती बाटली आहे,
हेच औषध. वाख्तांगच्या गोळ्या, अकरा उरलेल्या.
त्याच्या हृदयाने काही त्यांचं ऐकलं नाही.
आणि मला दर दोन वर्षांनी
कुणी ना कुणी विचारतंच:
नातेला, अजून लागतं?

संध्याकाळी पाचला गोचाची बोटं हलली.
कचकचीत शिवी हासडली त्याने.
मी वेळ टिपून घेतली.