लॉट सत्तावीस

बाबालाल म्हणाला, हात खाली ठेव.
डोकं खाजलं तरी खाजवू नको.
मी टोपीला हात लावीन तेव्हाच बोलायचं,
तेही नाइलाज झाल्यासारखं.

कुपवाडला, बंद सूतगिरणीच्या पत्र्याखाली
फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या,
मिरजेच्या दवाखान्यात बाकांवर बसलेल्या पेशंटसारख्या,
ज्याच्या त्याच्या नंबराची वाट बघत.
दहा हजार डिपॉझिट. पावती ब्लाउजमध्ये.
अख्ख्या आवारात बाई मी एकटीच.

बाबालाल कागद वाचत नाही.
मॅट उचलतो, गुडघ्यावर बसतो, वास घेतो.
सीटचा पट्टा पार टोकापर्यंत ओढतो,
आणि शेवटच्या वितीत
कृष्णेची बारीक वाळलेली माती,
जिथवर धुणाऱ्याचा हात पोचला नाही.
"पुरातली आहे. एकोणीसच्या. पुढं चल."

बावीस वर्षं पत्रा ठोकलेली बोटं
दारांवरून जातात, मध्येच थांबतात.
"हिला इस्लामपूर रोडला म्हैस धडकली होती."
"हिचा पोचा मीच काढलाय, बघ, दिसतोय का?"
दिसत नाही.
सांगली त्याला अशी ठाऊक आहे,
आतल्या बाजूनं.

वडील माझे मार्केट यार्डात होते, हळदीच्या सौद्याला.
रुमालाखाली बोटाला बोट, तोंडावर काही नाही,
भाव फुटला तरी दोघांतच फुटायचा.
इथं माईक.
घसा बसलेलं एक पोरगं
एक लाख दहा, एक लाख दहा, दादा इकडं बघा,
आणि आकडा पत्र्यावर आपटून
पार गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत.

सत्तावीसला पांढरी गाडी. मागच्या काचेवर
आशीर्वाद होता, खरवडून
नुसतं "आशी" उरलेलं.
टोपीला हात.
मी बोलले. चिक्कोडीचा एक भंगारवाला बोलला.
मी. तो. मी.
एक लाख बेचाळीसला त्यानं पचकन थुंकून
फोन कानाला लावला.
एकवार, दोनवार,
तीनवार म्हणताना पोराचा आवाज गेलाच,
नुसते ओठ हलले.

सह्या करून चावी मिळाली तेव्हा चार वाजले होते.
गेटपाशी एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, पायात स्लिपर.
काचेशी वाकला.
"ताई, दुसरा थेट लागत नाही.
आधी तिसऱ्याकडं न्यायचा, मग मागं. ओढू नका.
आणि ही काच वर घेताना
आतून तळहात लावा, नाहीतर तिरकी होते."
कितीला गेली, विचारलं नाही.
बाबालाल खाली उतरून
टायरमध्ये काहीतरी शोधत होता.

माधवनगरचं फाटक बंद.
"ओळखत होतास?"
"हं."
"आधी सांगायचं की मग."
"सांगितलं असतं तर बोलली असतीस तू?
चिक्कोडीवाल्यानं तोडली असती तिला. नट-नट करून."
मालगाडी संपता संपेना.
"काही येणं होतं त्याच्याकडनं?"
"आठशे. डावं मडगार्ड.
दर दिवाळीला म्हणायचा, देतो."

समोरचा कप्पा उघडला त्यानं.
पंक्चरची चिठ्ठी, एक पेन, टोपण नसलेलं,
भडंगाचा अर्धा पुडा, रबर लावून ठेवलेला.
वास घेतला. "मऊ पडलंय."
मूठभर तोंडात टाकलं, मूठभर माझ्या हातावर.
"आठशेतनं वजा," म्हणाला,
आणि हसला नाही.

फाटक उघडलं. मागं हॉर्न सुरू झाले.
मी दांडा तिसऱ्याकडं नेला, मग मागं,
ओढला नाही.
लागला.

काच मात्र माझ्या तळहाताला अजून दाद देत नाही.
भडंगाचं तेल तिच्यावर उमटलंय,
पाच बोटं, जवळ-जवळ.