पायावरची खळी

फीत हिरव्यावर थांबली.
डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये,
सैल नाही, आवळलेली नाही:
एकशे एकतीस मिलिमीटर.
रांगेतल्या बायका बघत होत्या.
शेतात बाजरी अजून गुडघाभर, कणग्यांत नुसती धूळ,
आणि बालकीच्या पोराने बाळसं धरलेलं.
गाल कसे वर आलेत, एक म्हणाली.
दुसरीने नजर लागू नये म्हणून पटकन अल्लाचं नाव घेतलं.

बालकी त्याला पाठीवर बांधायला वाकली,
कापडाचं टोक दातांत धरून.
मी म्हटलं, थांब.

गेल्या वर्षी मी थांब म्हटलं नव्हतं.
तेव्हा माझ्याकडे फक्त फीत होती.
म्हणजे अंगठाही होता, पण विश्वास फितीवर.
लाल म्हणजे तीव्र, पिवळी म्हणजे मध्यम,
हिरवी म्हणजे जा घरी.
हुरेरा, सतरा महिन्यांची,
केस तांब्याच्या तारेसारखे, घोट्याजवळ कातडी सोललेली.
मी रंग वाचला आणि हिरवी म्हटलं.
तिची आई हसली, मूठभर भुईमूग माझ्या हातात ठेवून गेली.
नवव्या दिवशी निरोप आला.
शेंगा मी तोवर खाऊन टाकल्या होत्या.

इलियासूची पावलं मांडीवर घेतली.
दोन्ही. एकच सुजलं असतं
तर काटा म्हटला असता, विंचू म्हटला असता.
दोन पावलांवर दोन अंगठे.
एकशे एक.
एकशे दोन.
एकशे तीन.
सोडले.

कातडी वर आली नाही.
दोन खळ्या राहिल्या, गालावर पडतात तशा,
पण त्यांना हसू माहीत नव्हतं.
छपराच्या फटीतलं ऊन तिरपं आलं
आणि त्यांत थोडी सावली साचली.

काय केलंस त्साहारा, बालकी ओरडली,
पोराला खड्डे पाडलेस?
मी चप्पल काढली. माझ्याच पायात अंगठा रोवून
तिच्यासमोर मोजलं. मांस लगेच भरून आलं.
तिच्या पायावर तिचा अंगठा ठेवला. तिथेही भरून आलं.
मग तिने, मी काही न सांगता,
मुलाच्या पावलावर अंगठा टेकवला.
माझ्या खळीत तिचा अंगठा नीट बसला.

हे पाणी आहे, मी म्हटलं.
बाळसं हा शब्द मी उच्चारला नाही.
तो तिनेच खाली ठेवला,
डोक्यावरची घागर उतरवावी तसा,
मानेला धक्का न लावता.

रजिस्टरात लिहिलं.
पावलं: एक अधिक.
नडगी दाबली, तिथेही खूण: दुसरा.
आणि ते गाल, ज्यांचं आत्ताच कौतुक झालं,
तो तिसरा.
शाळेत अधिक म्हणजे भर असं शिकले होते मी.
दंडाच्या रकान्यात फीत अजून हिरवीच.
तो रकाना खोडला नाही. तोही खराच होता.

मागारियाच्या इस्पितळाची गाडी यायला दोन तास लागले.
इलियासू रडला नाही. मला त्याचीच धास्ती होती;
जी पोरं रडतात त्यांच्याजवळ अजून काहीतरी शिल्लक असतं.
बालकीने गाडीत चढताना विचारलं,
दूध तर मीच पाजत होते ना?
हो, मी म्हटलं. तू पाजत होतीस.
दार लागलं.

मागे वळले तर रांग मोडलेली.
बायका जमिनीवर बसलेल्या, मांडीवर छोटी छोटी पावलं,
आणि कुणी नव्वद, कुणी सात, कुणी नुसतेच ओठ हलवत
जमेल तसे आकडे मोजत होत्या.
मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

रात्री माझी लादी अर्धवट झोपेत म्हणते,
आई, पाय चेपतेस?
हं, मी म्हणते.
दिवा जवळ ओढते.
तिची कातडी केव्हाच वर आलेली असते,
तरी मी अंगठा उचलून पुन्हा बघते.