ओळखीची खूण

पारोळ्याच्या कोर्टासमोर, वैशाखात,
दुपारी दोनला कूलरसुद्धा गरम फुंकर घालतो.
मी नोटरीसाहेबांचा टायपिस्ट.
बावीस वर्षं एकच वाक्य बडवतोय:
माझ्या गैरहजेरीत, जणू मी स्वतः हजर.

सरलाबाई सोनवणे, राहणार म्हसवे,
प्लॉटच्या खरेदीसाठी आलेल्या.
मुखत्यारपत्र देणारा नवरा वर, बर्फात.
नेमका कुठे, ते कागदात लिहायचं नव्हतं.
मोबाइल स्टॅम्पपॅडच्या डबीला टेकवून उभा केला.
दोनदा तुटला. तिसऱ्यांदा
कानटोपीतलं एक तोंड आलं, हलता हलता थिजलं,
आधी आवाज पोचला, ओठ मागून.

नाव?
भटू धुडकू सोनवणे.
राजीखुशीने देताय ना? कोणाचा दबाव?
'दबाव? इकडं तर हवेचाबी नाही, साहेब.'
आम्ही हसलो.
सरलाबाई पडदा बोटांनी मोठा करत होत्या.

'आता हातमोजा काढा, अंगठा दाखवा.'
तो थांबला. रेंज गेली असं वाटलं,
पण मागे तंबूचं कापड हलत होतं.
मग एकेक बोट सोडवत त्याने मोजा काढला.
अंगठा ठीक.
शेजारचं बोट शेंड्याला काळं,
भरताचं वांगं आरावरून काढावं तसं.

'बोटले काय व्हयनं?'
'काही नही. थंडी शे.'
'कव्हयपाईन?'
'...संक्रांतपाईन.'
'आखाजीले अर्धा घंटा बोलनात. तव्हय?'

साहेब खाकरले. पुढचं वाचा, म्हणाले.
मी वाचलं: खरेदी, गहाण, भरणा, पावती,
जिथे माझी सही लागेल तिथे तिची,
सगळे अधिकार माझ्या पत्नीस.
'एक कलम वाढवा भाऊ,' त्या म्हणाल्या,
'दुखलं खुपलं तर त्याच दिवशी सांगायचं.'
'बाई, ते दस्तात बसत नाही.'
पडद्यावरचा माणूस
मोजा परत चढवत होता, डाव्या हाताने,
आणि तो चढत नव्हता.

शिक्का बसला. शाई त्या उन्हात लगेच वाळली.
उरलेले सुटे घ्यायला त्या विसरल्या.

नोंदवहीत एक रकाना असतो, ओळखीची खूण.
मी आधीच लिहिलं होतं: डाव्या भुवईवर व्रण.
खाली अजून एका ओळीची जागा होती.
लिहिणार होतो.
मग वाटलं, बरं होईलही ते बोट,
आपण कशाला पक्कं करा.
पेनाला टोपण लावलं.