पाठपोट

मार्च लागला की रावपुऱ्यात माझ्या दुकानापुढे
दहावीच्या सायकली अशा एकमेकींत अडकतात
की पोस्टमन लांबूनच हाक मारतो.

"मासी, एकदम झीणुं करी आपो,"
शिर्क्यांचा हेरंब म्हणतो,
मी मराठी, तो मराठी, हे दोघांना ठाऊक असून.
इतिहासाची अकरा पानं.
पन्नास टक्क्यांवर, मग त्या पन्नासाचेही पन्नास,
मोज्यात मावतील एवढी.

करून देईन, बाळा.
मशीनला लाज नसते, मला थोडी आहे,
पण लाइटबिल दोघांचं मिळून एकच येतं.

त्याआधी एक कर. हा कागद घे,
सिटीबसच्या तिकिटाएवढा,
आणि यावर हाताने लिही.
सगळं नाही मावणार. मावू नयेच.
काय ठेवू, काय गाळू म्हणून
आत्ता जसा पेन चावतोयस,
त्यालाच अभ्यास म्हणतात. बाकी नुसतं वाचन.
लिहून झालं की फाडून टाक.
नाही फाडवलं तर आईकडे दे.
मोज्यात नको. घामाने शाई पायाला लागते
आणि उत्तर आठवायचं सोडून
माणूस चालायचं कसं ते आठवत बसतो.

सोपं आधी सोडव.
अवघडाला म्हण, तू बस, आलेच मी.
पण जा हं नंतर, ताटकळत ठेवू नकोस.
आकडे मनात मराठीतच मोज,
सात सत्ते एकोणपन्नास,
कागदावर उतरताना आकडा भाषा बाहेर सोडून येतो,
चपलांसारखी.
बाजूचा पुरवणी मागतो म्हणून तू मागू नकोस.
त्याचं अक्षर मोठं असेल.
आणि बाहेर आल्यावर कुणाला
"तुझं काय आलं" विचारू नकोस.

हे मी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

चौऱ्याण्णव साल. मांडवीजवळची शाळा. गणित.
चाळीस मिनिटं आधी माझं सगळं संपलं.
हात बाकावर, मान हातावर,
पंख्याची पाती मोजली, तीनच निघाली,
पुन्हा मोजली.
इतरांच्या वाकलेल्या पाठी बघून
मला, खोटं कशाला सांगू, त्यांची कीव आली.

फाटकात जागृती म्हणाली, शंकूचं काय आलं?
मी म्हटलं, कसला शंकू?

तिने पेपर उलटा करून दाखवला.

एकतीस मिळाले. लागायचे पस्तीस.
बाबा काही बोलले नाहीत,
कंपनीच्या डब्यात दोन दिवस पोळ्या तशाच परत आल्या.
ऑक्टोबरचा फॉर्म आणला, भरला नाही.
मग या दुकानात दिवसाला बारा रुपये,
मग हे दुकान.

तेव्हापासून रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला,
वकील असो, रेशनकार्डवाली असो, कॉलेजची पोरं असोत,
तोंडून पहिलं वाक्य तेच निघतं,
एकबाजू की पाठपोट?
धंद्याचा प्रश्न आहे, विचारावाच लागतो.
कधी कधी रात्री शटर ओढताना
रिकाम्या फूटपाथलाही विचारते.

तर पेपर आला की पेन खाली ठेव, हेरंब.
आधी उलट.
कोरा असला तरी उलट.

हेरंब काउंटरवर कोपर टेकून लिहितोय.
अकरा पानांतून आता चार ओळी उरल्यात,
पाचवीसाठी जागा नाही, खोडतोय, भांडतोय कागदाशी.
मागे रांग वाढली, कुणीतरी घंटी वाजवली.
मान वर न करता तो विचारतो,
मावशी, शंकूचं घनफळ येतं तुला?

एक तृतीयांश पाय आर वर्ग एच, मी म्हणते,
इतक्या झटकन की मीच दचकते.
इतक्या मार्चमध्ये हजारदा छापलं,
विचारलं आजच कुणी.

त्याने ते लिहून घेतलं नाही.
त्याचा पेपर इतिहासाचा होता.