बोटांचा तक्ता

बिराजदारने कागद टेबलावर पसरला.
टेबल म्हणजे टॉवेलचा गठ्ठा,
वर दोन कप चहा, बशीत भाजलेल्या शेंगा.
एकतीस तारखेच्या आत अकरा हजार दोनशे चाळीस,
नाहीतर नऊ वर्षांचं भरलेलं पाण्यात.
'पाण्यात कसं म्हणता मामा,
तेवढी वर्षं निर्धास्त झोपलात की.'

मी निर्धास्त झोपलेली एक रात्र आठवायला लागलो.

चौथ्या पानावर बोटांचा तक्ता आहे.
अंगठा: पंचवीस टक्के.
तर्जनी दहा. मधलं पाच.
करंगळी चार.
मी गठ्ठ्याआड हात नेऊन मोजली.
अख्खी नऊ.
दहाव्याचं पेर अठ्ठ्याऐंशी साली मागाच्या पट्ट्यात गेलं,
तेव्हा असा तक्ता नव्हता.
मालकाने आठ दिवसांची सुट्टी दिली
आणि मोराची एक चादर.
बोट बरं झालं.
मोर अजून फिका पडलेला नाही.

त्याच पानावर खाली:
दोन्ही कान, पंच्याहत्तर टक्के.
मला एकदम बरं वाटलं.
म्हटलं, हे घे की मग, हे तर गेलेतच.
तो काहीतरी म्हणाला. परत म्हणाला.
तिसऱ्यांदा ऐकू आलं:
'अपघातात जायला पाहिजेत, मामा.
तुमचे हळूहळू गेले.'

खरंय. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
अठ्ठेचाळीस मागांखाली
रोज चिमूटभर गेले.
चिमटीचा रकाना नाही.

मागच्या पानावर शुश्रूषा.
अंथरुणाला खिळलो, तर महिन्याला नऊ हजार, पाच वर्षं.
पण सहापैकी तीन कामं स्वतःची स्वतःला
जमत नाहीत असं डॉक्टरने लिहून द्यायला हवं:
खाणं, अंघोळ, कपडे घालणं,
संडास, उठून बसणं, चालणं.
नागमणी कडा शिवत होती.
यादीच्या प्रत्येक शब्दाला तिची मान हलत होती,
शाळेत पाढे म्हणून घेताना बाई हलवतात तशी.

अम्मा याच खोलीत सहा वर्षं पडून होती,
आता गठ्ठे आहेत तिथे.
तिची सहाच्या सहा.
मी तेव्हा दोन पाळ्या करायचो,
असं मी सगळ्यांना सांगत आलोय.
दुसरी पाळी कधी कधी
चौकातल्या हॉटेलातही असायची.

तर मी म्हणणार होतो, राहू दे.
पत्रे गळतात. लेक सिरसिल्ल्याहून बाळंतपणाला येतेय.
आता रात्री गेटवर बसतो मी, वॉचमन,
तिथे कुठला पट्टा न् कुठला धोटा.
तोंड उघडलं, तेवढ्यात
पायाखालची फरशी गप्प झाली.
शिवणयंत्र थांबलं की मला असं कळतं.

'वद्दु,' ती म्हणाली.
मग बिराजदारला कळावं म्हणून मराठीत:
'यांचं नको. माझ्या नावावर काढा.
हे पडले तर मी आहे.'
पुढचं ती बोलली नाही,
का बोलली आणि मला ऐकू आलं नाही,
माहीत नाही.
बिराजदार मात्र खाली बघायला लागला.

मग त्याने बॅगेतून नवा फॉर्म काढला.
नाव, नागमणी अंबादास येमूल. वय त्रेपन्न.
व्यवसाय: गृहिणी.
'गृहिणीला रक्कम निम्मीच बसते, मामी.'
'दिवसाला दोनशे टॉवेल शिवते मी.'
'पगाराची चिठ्ठी असेल तर...'
तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं,
गृहिणीवर एक रेघ मारली,
दातांनी दोरा तोडते तितक्या सहज.

खाडाखोड झालेला फॉर्म चालत नाही म्हणे.
दुसरा आणायला तो अशोक चौकात गेलाय.
येईल, नाही येईल.

फरशी परत थरथरायला लागली.
मी कप उचलून मोरीत नेले,
लग्नाला तेहतीस वर्षं झाली, कधी नेले नव्हते.
करंगळी, चार टक्के,
कपाच्या कानात अडकवून
विसळले.