खापरे मास्तर, नोव्हेंबरात या

मास्तर, या,
पण मे महिन्यात येऊ नका.
गड्डीगोदामपासून जरीपटक्यापर्यंत
सगळ्यांचे कूलर तेव्हा एकाच दिवशी बंद पडतात
आणि मला पाणी प्यायला फुरसत नसते.
नोव्हेंबरात या.
दुकानात मी असतो, जळक्या मोटारी असतात,
वाळ्याच्या जुन्या ताट्यांचा भुसा
आणि तुमची वही.

वही म्हणजे झेरॉक्स.
खरी वही चर्चच्या लोखंडी कपाटात,
डांबराच्या गोळ्यांत निजलेली.
पाळकसाहेबांनी एका दुपारी काढून दाखवली.
म्हणाले, "मोडीत आहे, एफ्राइम, तुला काय कळते?"
कळत नव्हते. शिकलो.
महालातल्या एका म्हाताऱ्या तलाठ्याकडे, दोन पावसाळे,
त्याच्या कूलरची मोटर फुकट भरून देऊन.

तुम्ही उमरेडचे कोष्टी.
जातीने वाळीत टाकले, मिशनने शाळेत घेतले,
माग मात्र तुम्ही सोडला नाही.
वहीच्या उजव्या पानावर देव,
डाव्यावर सूत, उधारी, तुटलेली फणी.
उजवीकडे लिहिता:
कृपा खात्यावर मांडता येत नाही,
देणाऱ्याने खातेच ठेवले नाही, फेडू कुणाला?
आणि तिथेच डावीकडे:
सोनबा निखारे, येणे सव्वा रुपया.
पुढच्या महिन्यात पुन्हा सोनबा, पुन्हा सव्वा रुपया.
मी खूप हसलो, मास्तर.
ते शेवटी सोडले का हो तुम्ही?

एक पटत नाही, तेही सांगून टाकतो.
तुम्ही म्हणता,
बाणा दिसतो, ताणा झाकला जातो,
म्हणून ताणाच नाही म्हणणाऱ्याने
माग पाहिलेलाच नाही.
कबूल. पण मोटरीतली तारही दिसत नाही,
मी टेस्ट लॅम्प लावतो,
पेटला तर तार जिवंत.
तुमच्याकडे कोणता दिवा होता?
यावर तुम्ही चिडाल, असे वाटते.
चिडा. मला चालेल.
रविवारी कुणी चिडत नाही,
सगळे फक्त माना डोलावतात.

तर, ते पान.
पटकीच्या साली डावीकडे एकच ओळ:
सारा गेली. वय चार.
उजवे पान कोरे.
झेरॉक्सवाला म्हणाला, मशीनने खाल्ले असेल.
मी परत गेलो, कपाट उघडायला लावले.
कोरेच होते.
फक्त खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग,
नाण्याएवढा.
म्हणजे दिवा लावला होता.
म्हणजे तुम्ही बसला होतात.

पान उलटले की सुताचा भाव चढलेला,
सोनबाचा सव्वा रुपया तसाच,
आणि देवाचे नाव थेट अकरा पानांनी,
तेही एका खोडलेल्या वाक्यात.

शलोमी डबा घेऊन येते, मला वाचताना पाहते.
"मेलेल्या मास्तराशी येवढं बोलता,
जितीशी बोला ना दोन शब्द."
आणि पोळ्या मोजून ताटात टाकते.
आमच्याही घरात एक पान कोरे आहे, मास्तर.
सात वर्षे झाली.
तिने त्याचा विषय काढला नाही, मीही नाही.
पाळणा मी भंगारात नाही दिला,
दुकानाच्या माळ्यावर आहे, पंख्यांच्या पात्यांमागे.
हे तिला ठाऊक नाही.
असेलही.

तुमची कबर जरीपटक्याला शोधली.
नावे उडालेली, एकावर शेळी बसलेली.
एवढे प्रश्न कुठे ठेवायचे, म्हणून
दुकानातच एक खुर्ची काढून ठेवली आहे.
एक पाय आखूड, खाली पुठ्ठा घातलाय,
जपून बसा.
आधी तर्री पोहे खाऊ, वाद नंतर घालू.
ताण्याचे विचारीन, सव्वा रुपयाचे विचारीन.
त्या पानाचे मी विचारणार नव्हतो.

पण काल शलोमीला म्हटले,
नोव्हेंबरात एक दिवस दुकानात ये,
संध्याकाळी, शटर अर्धे पाडल्यावर.
"कोण येणार आहे?" तिने विचारले.
मी सांगितले नाही.
तिने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले,
आणि म्हणाली,
"दोन खुर्च्यांत कसं होईल?
घरून स्टूल आणते."